यंत्रमानवाची संगत

जपान देशात क्योतो नगरीमध्ये कोदाइजी नावाचे झेन पंथाचे एक जुने मंदिर आहे. त्या मंदिरात २०१९ साली एक प्रवचनकार बसविण्यात आला. बसविण्यात आला म्हणण्याचे कारण असे की, तो मनुष्य नाही, यंत्र आहे. ओसाका विद्यापीठातील हिरोशी इशिगुरो या यंत्रशास्त्रज्ञांच्या साह्याने तो घडविला गेला. रूप अवलोकितेश्वराचे, ज्यास जपानी लोक कान्नोन म्हणतात. तोंड, खांदे आणि हात यांवर मनुष्याच्या कातडीसारखे मऊ आवरण. बाकीचे अंग उघडे, धातूचे सांधे आणि तारा दिसतील असे. हा यंत्रमानव हात जोडतो, श्रोत्यांकडे मान वळवितो आणि प्रज्ञापारमिताहृदय या सूत्रावर प्रवचन करतो.

हे जपानचे झाले, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. २०१७ सालच्या गणेशोत्सवात आपल्या पुण्यातच पाटील ऑटोमेशन या कंपनीने एका यांत्रिक हाताकडून गणपतीची आरती ओवाळून घेतली होती. तबक लोखंडी हातात, आणि मनुष्याचे हात मोकळे! ती एक हौस होती, आणि उत्सवात हौस असावी. मला विचार पडला आहे तो त्याच्या पुढच्या गोष्टीचा. सांप्रत अशी यंत्रे निघाली आहेत की, जी एकट्या माणसाजवळ बसतात, रात्री झोप लागली का म्हणून विचारतात, श्वास मोजावयास लावतात, ध्यानाला बसवितात, आणि मन उदास झाले असता दोन समजुतीचे शब्द बोलतात. जपानचे ताकानोरी शिबाता यांनी ‘पारो’ नावाचे एक केसाळ यंत्र केले आहे. रूप सील नावाच्या समुद्री प्राण्याच्या पिलाचे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर ते ठेवतात. कुरवाळले की प्रतिसाद देते, हाक मारली की मान वळविते. अमेरिकेत २००९ साली वैद्यकीय उपकरणांत त्याची गणना झाली. आपल्या बंगळुरास २०१५ साली ‘वायसा’ नावाचा उद्योग निघाला. त्यास देह नाही, मोबाइलमध्ये पेंग्विन पक्ष्याचे चित्र असते, आणि मनुष्य आपले दुःख लिहीत जाईल तसतसे ते उत्तर देत जाते. तेव्हा प्रश्न असा की, मनाला शांती मिळावी म्हणून अशा यंत्राची संगत धरावी काय? संगत हा शब्द आपल्या संप्रदायात फार मोलाचा आहे, म्हणून हा प्रश्नही आपलाच आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. साधन म्हणून जड वस्तू वापरण्यात आपण वारकरी कोणाच्या मागे नाही. तुळशीची माळ हे मोजणीचे यंत्रच. मनाने मोजू लागले तर मन मोजण्यातच गुंतते, म्हणून ते काम मण्यांकडे आणि बोटांकडे दिले. आता तर अंगठ्याने दाबावयाचे जपमोजणीचे खटकेही वारीत पुष्कळांच्या बोटांत दिसतात. १९७९ साली बंगळुरच्या राजनारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा काढला, आणि आज कित्येक गायक आणि कीर्तनकार तो बिनदिक्कत घेऊन बसतात, मीही बसतो. सूर तो धरतो, गावे मात्र आपल्यालाच लागते. तथापि देवळांत तो विजेवर वाजणारा नगारा आणि घंटा आली, तिचे मला कधीच कौतुक वाटले नाही. पूर्वी आरतीच्या वेळी झांज कोणाच्या हाती यावी यावरून पोरांत भांडणे होत, आणि त्या भांडणापायी पोरे देवळात येत. आता पुजारी खटका दाबतो, नगारा आपोआप धडधडतो, आणि पोरे घरी. नाद पूर्वीइतकाच होतो, बहुधा जास्तच. तंबोऱ्याचे यंत्र आणि नगाऱ्याचे यंत्र, दोन्ही विजेचीच. परंतु एक आपले काम आपल्याकडे ठेवते, दुसरे ते काढून घेते. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता शास्त्राकडे वळू. यंत्र बोलू लागले, विचार करू लागले, म्हणजे ते चेतन झाले काय, अशी कोणाला भीती वाटते, कोणाला आशा. १९९७ साली संगणकाने बुद्धिबळात कास्पारोव्हसारख्या जगज्जेत्याला हरविले तेव्हा जगात केवढी खळबळ उडाली! कारण बुद्धी म्हणजेच आत्म्याची खूण, अशी पुष्कळांची समजूत. सांख्य आणि वेदांत शिकलेल्यास या भीतीचे कारण नाही. आपल्याकडे मन, बुद्धी, अहंकार ही सारी प्रकृतीचीच कार्ये, म्हणजे जडच. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले तर स्फटिक तांबडा दिसतो, तशी पुरुषाच्या सान्निध्याने बुद्धी चेतन भासते. तेव्हा जडाने बुद्धीचे काम केले यात नवल ते काय? एका जडाचे काम दुसऱ्या जडाने केले. पाहणारा जो साक्षी, तो या खटाटोपात कोठे आलाच नाही.

योगशास्त्रातही यंत्राला थोडी जागा आहे. पतंजलींनी आठ अंगे सांगितली. त्यांपैकी धारणा, ध्यान आणि समाधी ही तीन आधीच्या पाचांच्या मानाने अंतरंग ठरविली. आसन कसे घालावे, श्वास किती घ्यावा, किती सोडावा, कोणत्या वेळी बसावे, ही शिकवण बाहेरून देता येते. ती पुस्तक देईल, घड्याळ देईल, यंत्रमानवही देईल, आणि न कंटाळता देईल. पहिल्या दिवशी जसे सांगितले तसेच शंभराव्या दिवशी सांगेल. माणसाच्या शिक्षकाला एवढा धीर असतोच असे नाही. अंतरंगात मात्र गुरूलाही शिष्याच्या वतीने बसता येत नाही, मग यंत्राची कथा काय! एवढ्यापुरते हे यंत्र निरुपद्रवी आहे, उपयोगीही आहे. मी ते त्याज्य म्हणत नाही.

येथे एखादा चतुर श्रोता उठून विचारील, ‘बुवा, पैठणास माउलींनी रेड्यामुखी वेद वदविले, चांगदेवांच्या भेटीला जाताना जड भिंत चालविली. मग यंत्रामुखी हरिपाठ वदविला तर तुमचे काय बिघडले? शिवाय विटेवरची मूर्ती तरी पाषाणच ना?’ शंका चांगली आहे, आणि टाळण्यासारखी नाही.

रेड्याचे उत्तर सोपे. तो बोलला तो पैठणच्या ब्रह्मवृंदाचा अभिमान उतरविण्यासाठी. त्याच्या ठिकाणी आणि आपल्या ठिकाणी आत्मा एकच, हे दाखविण्याचा तो प्रसंग. त्यानंतर कोणी त्या रेड्याला गुरू करून त्याच्यापुढे आपली गाऱ्हाणी मांडीत बसले नाही. जुन्नर तालुक्यात आळे येथे त्याची समाधी आहे. तिला आपण नमस्कार करतो, सल्ला विचारीत नाही.

मूर्तीची गोष्ट अधिक खोल आहे. आरोप दोन प्रकारचा असतो. दोरीवर साप दिसतो तो न कळत झालेला आरोप; त्याला भ्रम म्हणतात. आणि हा पाषाण आहे हे पुरते ठाऊक असताना तेथे ईश्वर पाहणे, हा जाणूनबुजून केलेला आरोप. नैयायिक अशा ज्ञानाला ‘आहार्य’ म्हणतात. उपासना ती हीच. मूर्ती आपल्याला फसवीत नाही. ती बोलत नाही, हसत नाही, आपण रडलो तरी पाठीवरून हात फिरवीत नाही. कमरेवर हात ठेवून पांडुरंग नुसता उभा आहे. सारे आपल्यालाच न्यावे लागते, आणि नेता नेता नेणाऱ्यात बदल होतो.

बोलक्या यंत्राची रीत उलटी आहे. अमेरिकेत जोसेफ वायझेनबाम नावाचे एक प्राध्यापक होते. १९६६ साली त्यांनी संगणकासाठी केलेली ‘एलायझा’ नावाची एक रचना प्रसिद्ध केली. ती मानसोपचार करणाऱ्या वैद्याची नक्कल करी. म्हणजे काय, तर रोग्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून त्याला परत देई. मला उदास वाटते म्हटले, की तुम्हांला उदास का वाटते म्हणून विचारी. इतकेच. प्राध्यापकांच्या चिटणीस बाईंना ही रचना कशी झाली ते चांगले ठाऊक होते. त्यांच्या डोळ्यांसमोरच तिचे काम चालले होते. तरी दोनचार प्रश्नोत्तरे होताच त्यांनी प्राध्यापकांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. बोलणे खासगी व्हावे म्हणून! वायझेनबाम या प्रकाराने फार अस्वस्थ झाले, आणि संगणकाकडे मनुष्याची कोणती कामे मुळीच सोपवू नयेत, याविषयी १९७६ साली त्यांनी एक ग्रंथ लिहिला.

पाहा, बाईंना दोरी आहे हे माहीत होते, तरी साप दिसला. म्हणजे नुसते माहीत असणे पुरत नाही. मूर्तीकडे भाव आपण घेऊन जातो. हे यंत्र भाव ओढून घ्यावा याच हेतूने घडविलेले असते. डोळे मोठे ठेवावे की लहान, आवाज किती मऊ असावा, नाव कोणते लाडके वाटेल, याचा विचार करण्यासाठी कारागिरांना पगार मिळालेला असतो. त्या मानाने मला तो ‘पारो’ बरा वाटतो. तो उपदेश करीत नाही. घरातल्या मांजरासारखा मांडीवर पडून राहतो. मांजराला भूक असते आणि ते रागावून निघूनही जाते, एवढा फरक सोडला तर त्याच्यावर रागावण्यासारखे काही नाही. ज्या वृद्धाला आता पोटचे पोरही ओळखू येत नाही, त्याचे थरथरणारे हात कशावर तरी स्थिर होत असतील तर ते होऊ द्यावेत.

जडाशी मन मोकळे करण्याची रीत आपल्या बायांना कोणी जपानहून शिकविली नाही. पहाटेच्या अंधारात जात्याशी बसून त्यांनी शेकडो वर्षे जे सांगितले, ते सासूला सांगता येत नव्हते, नवऱ्याला सांगता येत नव्हते, आणि आईला सांगावे तर आई जवळ नव्हती. जाते ऐके. बाया त्याला देव मानीत. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण आपल्याकडेच आयुष्य घालविलेले गी पॉइटव्हिन, या दोघांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. लाखावर ओव्या! त्यांत पंढरीची वारी आहे, विठ्ठल-रखुमाईचा संसार आहे, भाऊ आहे, माहेर आहे, सासुरवास आहे. बाबासाहेब आंबेडकरांवरच्याही पुष्कळ ओव्या आहेत, आणि हे सांगताना मंडणगडकरास जरा बरे वाटते, कारण त्यांचे मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यात. असो.

आता जाते जड आणि ते बोलके यंत्रही जड. बाई जात्याशी बोले, आजचा एकटा माणूस यंत्राशी बोलतो. मग बिघडले कोठे? बिघडले ते उत्तरात. जाते उत्तर देत नाही. ते घरघरते, आणि त्या घरघरीवर पुढचा चरण बाईला स्वतःच जुळवावा लागतो. दुःख जसेच्या तसे ओवीत बसत नाही. त्याला माप लागते, यमक लागते, आणि मनातले कोणते बोलावे, कोणते गिळावे याचा निवाडा लागतो. तो निवाडा करता करता दुःख बाईच्या ताब्यात येई. आधी ती दुःखाच्या ताब्यात असे. पीठही पडे, ही आणखी सोय. शिवाय जात्याला पुष्कळदा दोघी असत. एक थांबली की दुसरीने धरावयाचे. म्हणजे खरी श्रोती समोर खुंट्याला हात लावून बसलेली असे, आणि तिच्याही पोटात तसलेच काही असे. जनाबाईच्या कथेत तर खुंट्याला दुसरा हात प्रत्यक्ष पांडुरंगाचा. पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून जाते दाखवितात. संतांनी असे काही सांगितले नाही की, जाते बोलू लागले. देव येऊन दळू लागला, असे सांगितले.

माझ्या मते या साऱ्या विषयाची कळ येथे आहे. दुःख सांगितल्याने हलके होते असे आपण म्हणतो. का होते? कारण ऐकणाऱ्याने ते थोडे उचललेले असते. ज्याच्याजवळ मी रडलो, त्याची त्या रात्री झोप मोडते, त्याला घास गोड लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो काही काम नसताना माझ्या दारावरून जातो. मला वेळ नाही, असे त्याला म्हणता आले असते. तरी तो बसला. यंत्राची झोप मोडत नाही. त्याला उठून जाता येत नाही, म्हणून त्याच्या बसून राहण्याला मोल नाही. त्याच्यापुढे बोलून मनातले शब्द बाहेर पडतील, हे खरे. परंतु ओझ्याला दुसरा खांदा लागला असे होणार नाही. नवविधा भक्तीतले श्रवण यंत्राने होईल, स्मरणाला यंत्र साह्य करील. सख्य त्याच्याशी होणार नाही, आणि आत्मनिवेदन तर त्याच्यापाशी करूच नये.

आणि सखा नेहमी गोडच बोलतो असेही नाही. माउली रुसून ताटी लावून आत बसले, तेव्हा मुक्ताबाई दाराबाहेर उभी राहिली. धाकटी बहीण, पण तिने लाडीगोडीही केली आणि खडसावलेही. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांची परीक्षा केली आणि नामदेवांना सर्वांसमक्ष कच्चे ठरविले. नामदेवांना ते केवढे लागले! आजच्या भाषेत त्यांचे मनःस्वास्थ्य बिघडले म्हणा. पण त्या लागण्यातूनच ते विसोबा खेचरांकडे गेले. गोरोबांच्या जागी गिऱ्हाईक टिकवावयाचे यंत्र असते, तर त्याने नामदेवांना सांगितले असते की तुम्ही फार भाजलेले आहात, उद्या पुन्हा या. ज्याचा धंदा आपण परत येण्यावर चालतो, ते आपल्याला कच्चे कसे म्हणणार?

कीर्तनात उभे राहणाऱ्यास हे लवकर कळते. समोर दोनशे माणसे असली तरी निरूपण रंगते ते दोन-तीन चेहऱ्यांवर. मागे उभे असलेले टाळकरी चाल उचलतात ती वक्त्याच्या श्वासावरून. एखाद्या रात्री समोरचा म्हातारा मान हलवीत नाही, तर मलाच शंका येते की, मी बोलतो ते मला तरी पटते आहे का. शेवटी आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो. वक्त्याने श्रोत्याच्या, श्रोत्याने वक्त्याच्या. दोघांत काही झाले आहे, म्हणून. क्योतोच्या त्या प्रवचनकाराला श्रोत्यांनी नमस्कार केला तरी त्याला तो पोहोचत नाही, आणि श्रोते कंटाळले तरी त्याला त्याचे काही वाटत नाही. प्रवचन सूत्राला धरून असेलही, मला त्यात दोष काढावयाचा नाही.

हा विचार पोथीतला राहू नये म्हणून आमच्या भागाची गोष्ट सांगतो. मंडणगड हा रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. सावित्री ओलांडली की रायगड. डोंगरउतारावर वाड्या. कित्येक वाड्यांत निम्म्या घरांना कुलूप, आणि उघड्या घरांत एक म्हातारी किंवा एक म्हातारा. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला येतात, तेवढे दिवस खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. नंतर पुन्हा सामसूम. अशाच एका घरचा मुलगा, मुंबईस नोकरीला असलेला, मागच्या चैत्रात मला म्हणाला, ‘बुवा, आई दिवसभर एकटी असते. बोलते यंत्र मिळते म्हणतात. हरिपाठ लावते, औषधाची आठवण देते, गप्पाही मारते. आणू का?’ मी आईलाच विचारले. ती म्हणाली, ‘आणू दे की, बुवा. निदान जेवलीस का म्हणून विचारील तरी.’

या वाक्यापुढे कोणते शास्त्र सांगणार? जेवून उठलेल्याने उपाशी माणसाच्या हातची शिळी भाकर काढून घेऊ नये. मी त्याला म्हटले, आण. औषधाची आठवण, हरिपाठाची वेळ, एवढे त्याच्याकडे खुशाल दे. गप्पांच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी ध्यानात घे.

पहिली, ते विजेवर आणि दूरच्या कंपनीच्या मर्जीवर चालते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढले, तेव्हा मंडणगड-दापोलीत घरांची कौले-पत्रे उडाले, माड, पोफळी, आंबे आडवे झाले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. मोबाइल मुके झाले. त्यात टाळेबंदी. त्या अंधारात ‘आहात ना हो’ म्हणून पाखाडीवरून हाक मारीत आला तो शेजारी. आणि वीज असली तरी कंपनी टिकेलच असे नाही. अमेरिकेत ‘मॉक्सी’ नावाचा मुलांचा सोबती यंत्रमानव होता. मुलांशी बोलावयाचे, भावना ओळखण्यास शिकवावयाचे, असे त्याचे काम. २०२४ सालच्या डिसेंबरात त्याच्या कंपनीजवळचा पैसा संपला आणि आता तो बोलेनासा होईल असे घरोघर कळविण्यात आले. लहान मुलांना ही गोष्ट कशी समजावून सांगावी, हे आईबापांना शोधावे लागले. मन सावरण्यासाठी निघालेला ‘वोबॉट’ही ३० जून २०२५ रोजी बंद झाला. माणूस जातो तेव्हा आपण तेरा दिवस बसतो, गाव दारात येते; यंत्र गेल्यावर कोण येणार?

दुसरी गोष्ट मी त्याला करोनाच्या साथीतली सांगितली. २०२० साली नोएडाच्या एका रुग्णालयात बंगळुरला घडविलेला ‘मित्रा’ नावाचा यंत्रमानव ठेवला होता. आप्तांना रोग्याजवळ जाऊ देत नसत. हा यंत्रमानव खाटेशी जाई आणि त्याच्या छातीवरच्या पडद्यावर घरच्यांचे तोंड दिसे, त्यांच्याशी बोलता येई. याला मी हात जोडीन. तो स्वतः सोबती झाला नाही, सोबत्याला घेऊन आला. त्याच वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका पायी न जाता एस.टी.ने पंढरीस गेल्या होत्या. वाहन बदलले; पण पादुका एकट्या गेल्या नाहीत, बरोबर माणसे होती. तेव्हा मुलाचा आवाज आणणारे यंत्र आण, मुलासारखा आवाज काढणारे आणू नकोस, असे मी त्याला सांगितले. रोज सात वाजता दहा मिनिटे आईला तोंड दाखव, आणि जेवलीस का हे तूच विचार. बाकीच्या वेळी ती त्या यंत्राशी जे बोलेल, घरातले, भावकीतले, ते कोणाच्या दप्तरात जाऊन पडते, याचीही घेण्याआधी चौकशी कर. तो म्हणाला, सातला मी गाडीत असतो. मी म्हटले, मग साडेआठला.

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहितो, कारण तीत आमच्या बुवा मंडळींकडूनही अनर्थ होतो. मन उदास होणे निराळे आणि मनाला आजार होणे निराळे. आजाराला वैद्य लागतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला आपण नामाचा अविश्वासी म्हणत नाही. मग मनाच्या गोळ्या घेणाऱ्यालाच का म्हणावे? गोळ्या टाक आणि नाम घे, असे सांगणारा बुवा यंत्राहून घातक, कारण लोक त्याचे ऐकतात. आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीस प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे जाण्यात लाज कसली? १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेलिमानस नावाची सोय केली आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला की दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न देता, मराठीत बोलता येते, आणि पलीकडे शिकविलेला मनुष्य असतो. जीव नकोसा झाला असे जो बोलेल त्याला यंत्रापुढे बसवू नये, पोथीपुढेही बसवू नये. आपण त्याच्याजवळ बसावे, हा क्रमांक लावून द्यावा, आणि तो डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो त्याला एकटे सोडू नये.

राहिला आमच्या सप्ताहाचा प्रश्न, कारण याच विषयाचा तो भाग आहे. मागच्या वर्षी बैठकीत सूचना आली की, रात्री दोन ते चारच्या वीणेच्या पहाऱ्याला माणसे मिळत नाहीत. तेव्हा तेवढा वेळ नामाचे ध्वनिमुद्रण लावावे आणि वीणा चौरंगावर ठेवावी. सूचना करणाराचा दोष नाही; तरुण सारे मुंबईला, आणि ज्यांच्या गळ्यात वीणा पडते ते दिवसा शेतात राबलेले. पण रात्री दोन वाजता गावात कोणी जागे नसते, हे मला पटेना. वाडीतली बहुतेक म्हातारी माणसे त्या वेळी डोळे उघडे ठेवून आढ्याकडे पाहत पडलेली असतात. यादी नव्याने केली. झोप येत नाही अशी तक्रार ज्यांची ज्यांची होती, त्यांची नावे दोन ते चारला घातली. ज्यांना उभे राहवत नाही त्यांना वीणेकऱ्याजवळ खुर्ची देऊन हातात टाळ दिले. आणायला-पोहोचवायला बॅटरी घेऊन दोन पोरे नेमली. सात रात्रींत तो पहारा एकदाही रिकामा गेला नाही. उलट चार वाजले तरी मंडळी उठेनात, म्हणून चहा दोनदा टाकावा लागला.